सिल्की कोंबडी (कोकणातील संगोपन)

सिल्की ही मूळची चीनमधली, मुख्यतः प्रदर्शनासाठी आणि हौसेने पाळली जाणारी कोंबडी. मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख तेराव्या शतकात मार्को पोलोने केला आहे. डोक्यावर पिसांचा गोंडा, निळसर कानपाळ्या, काळी कातडी आणि पायाला चाराऐवजी पाच बोटे ही तिची ओळख. काळेपणामुळे तिला कडकनाथ समजण्याची चूक होते. पण कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, आणि त्याची पिसे साधी असतात.

सिल्कीचे पीस बोटांत चोळले तर सावरीच्या कापसासारखे लागते. साध्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. सिल्कीच्या पिसात ती पकडच नसते. म्हणून तिला उडता येत नाही आणि पाणी अंगावरून निथळण्याऐवजी थेट कातडीपर्यंत झिरपते. कोकणच्या पावसाळ्यात तिची सगळी देखभाल याच एका गोष्टीभोवती फिरते.

खुराडे पडवीत किंवा मांगरात (घराशेजारच्या छपरात) असावे. झडीची बाजू झापांनी बंद करावी, पण वरून वारा खेळता ठेवावा. कोंदटपणा पावसाइतकाच वाईट. बसायची दांडी वीतभर उंचीवर पुरे. खाली घातलेले भाताचे तूस हाताला ओलसर लागले की लगेच बदलावे, कारण ओल्या तुसात रक्ती हगवण फैलावते आणि पिल्ले पटापट जातात. भिजलेली कोंबडी फडक्याने टिपून, पिसे मुळापर्यंत सुकेपर्यंत उबेत ठेवावी. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नये. मरेक या विषाणूजन्य रोगालाही ही जात लवकर बळी पडते. खारवलेली सुकी मासळी धुतल्याशिवाय घालू नये, मीठ बाधते.

गोंडा डोळ्यांवर आला की तिला घार दिसत नाही, मुंगूसही दिसत नाही. प्रदर्शनाची कोंबडी नसेल तर तो सरळ कातरावा.

अंडी वर्षाला शंभराच्या आसपास, फिकट मलईच्या रंगाची. मात्र खुडूक होण्यात, म्हणजे उबवायला अंड्यांवर ठाण मांडण्यात, तिचा हात धरणारी दुसरी जात नाही. गावठी कोंबडीची, अगदी बदकाची अंडीही ती मायेने उबवते.

शुद्ध वाण राखणे हेच इथे सर्वांत कठीण, कारण वाडीत गावठी कोंबडे मोकळे फिरतात. अशा संकरातून झालेल्या पिल्लांना बहुधा पाच बोटे येतात, पण पिसे साधीच. रेशमी पीस पिल्लात उतरायला तो गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो.