लिंबाने सुरू झालेला ट्रक

माझ्या मावसभावाचा दहा चाकी ट्रक आहे, बीएस-४ प्रदूषण मानकाचा, कॉमन रेल इंजिनाचा. गळीत हंगामात ऊस, एरवी मिळेल तो माल. मार्चच्या एका दुपारी फलटणच्या अलीकडे धाब्यावर जेवायला थांबला आणि परत निघताना गाडी चालू होईना. सेल्फ खणखणीत फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, नजर लागली. चाकाखाली लिंबू ठेवलं, बंपरला नवी लिंबू-मिरची बांधली, चहा झाला, थोड्या गप्पा झाल्या. दीडेक तासाने पहिल्या सेल्फला इंजिन चालू! श्रेय अर्थातच लिंबाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र घाई होती, लिंबू ठेवून पाचच मिनिटांत सेल्फ मारला आणि गाडी ढिम्म. तेव्हा त्याचा मला फोन आला : "दादा, इंजेक्टर मीच खोलू का? मोबाइलवर एकाने वीस मिनिटांत साफ करून दाखवलाय."

जुना पंप-नोझलचा ट्रक असता तर मी "खोल" म्हणालो असतो. या ट्रकला "थांब" म्हणालो. कारण सांगायचं तर आधी इंजेक्टरच्या पोटात शिरावं लागेल.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे शाळेत शिकलोय. हवा साधारण सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली की ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलला या इंजिनाचं पेटंट १८९३ मध्ये मिळालं आणि १८९७ मध्ये ते नीट चाललं. हवा दाबणं त्यातल्या त्यात सोपं होतं. त्या दाबलेल्या हवेत इंधन नेमक्या क्षणी, नेमकं तेवढंच आणि धुक्यासारखं बारीक करून घालणं हा खरा छळ होता. रुडॉल्फ डिझेलने त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लावून हवेच्या जोरावर इंधन आत फुंकलं होतं. १९२७ मध्ये बॉशचा पंप बाजारात आला आणि पुढची कित्येक दशकं ट्रकचं जग अशाच पंपांवर चाललं. प्रत्येक सिलिंडरला पंपाचा स्वतंत्र प्लंजर, म्हणजे दट्ट्या, तिथून निघणारा पाइप आणि टोकाला नोझल. साधारण २०० बारला नोझल उघडायची (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). त्यातलं सगळं यांत्रिक, डोळ्यांना दिसणारं.

कॉमन रेलमध्ये पंप फक्त दाब तयार करतो. ते डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठून राहतं आणि पूर्ण लोडला तिथला दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. २००० बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन टन. अंगठ्याच्या नखावर भरलेला छोटा हत्ती टेम्पो उभा केल्यासारखं! इंजेक्टर हा या दाबाचा दरवाजा. दाब सतत दारात उभा, आणि इंजेक्टरने सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटायचं.

आता माझा आवडता भाग. थोडा धीर धरा.

इंजेक्टरमधली सुई ४ मिलिमीटर जाडीची धरा. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. गणित केलं तर २००० बारला त्या सुईवर सुमारे अडीचशे किलोचा जोर येतो. वर बसवलेलं चिमुकलं विद्युतचुंबक तो काही उचलू शकत नाही. मग सुई उचलायचं काम त्या दाबाकडूनच करून घेतलेलं आहे. सुईच्या डोक्यावर एक इवलीशी कोठी असते. रेलचं डिझेल तिच्यात बारीक छिद्रातून येतं आणि त्याहून किंचित मोठ्या छिद्रातून बाहेर जाऊ शकतं. पण त्या बाहेरच्या छिद्रावर एक गोळी दाबून बसवलेली असते. गोळी बसलेली असताना कोठीत पूर्ण दाब असतो. सुईच्या खालीही दाब असतो, पण तिथे तो थोड्याच भागावर पडतो. म्हणून वरचा जोर जिंकतो आणि सुई मिटलेली राहते. चुंबकाने गोळी सोडली की कोठीत येणाऱ्यापेक्षा जाणारं डिझेल जास्त होतं. टाकीत येणारा नळ बारीक आणि जाणारा जाड असला की पातळी उतरते, तसंच. कोठीतला दाब पडतो, खालचा दाब जिंकतो आणि सुई वर उचलली जाते. बाहेरचं छिद्र पाव मिलिमीटरचं धरलं तर गोळीवरचा जोर भरतो जेमतेम एक किलो. एक किलो सांभाळायचा आणि अडीचशे किलो हलवायचे! मला तर यात मोटेपेक्षा पाटाचं पाणी वळवणारा शेतकरी दिसतो. पाणी तो उचलत नाही, फक्त बांधाला कुदळ घालतो.

कोठीतून बाहेर पडलेलं हे डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. हे लक्षात ठेवा, ट्रकचं निदान यातच आहे.

गोळी आणि तिची बैठक झिजली की गोळी बसलेली असतानाही डिझेल झिरपत राहतं. थंड डिझेल जरा घट्ट असतं, कमी झिरपतं. तापलं की पातळ होतं आणि भसाभस रिटर्नला पळतं. मग सेल्फ कितीही मारा, रेलमध्ये चालू होण्यापुरता दाबच जमत नाही आणि दाब जमल्याशिवाय इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही. इंजिन गार झालं की झिरपणं कमी. लिंबाने दीड तास एवढंच केलं, वाट बघायला लावली.

तर घरी काय करायचं? रिटर्नच्या बाजूला दाब किरकोळ असतो. इंजिन तापलेलं असताना, पण बंद करून, सहाही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढायच्या, जागी सलाइनच्या नळ्या लावून सहा सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि सेल्फ मारायचा. निरोगी इंजेक्टरची बाटली जवळपास कोरडी राहते. (चुंबकाऐवजी पिएझो स्फटिकावर चालणाऱ्या इंजेक्टरला ही चाचणी अशी चालत नाही, त्याच्या रिटर्नमध्ये मुद्दाम दाब राखलेला असतो.) डिझेल फिल्टर बदलणं, वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडणं, हातपंपाने एअर काढणं, हेही खुशाल करा. फक्त नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायची जुनी सवय सोडा. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडलं तर थेट इंजेक्टरकडे जातं.

पण जाड दाबाच्या पाइपला पाना लावायचा नाही. जुने मेस्त्री चालू इंजिनावर एकेका पाइपची नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते ओळखत. जुन्या पंपावरही ते धोक्याचंच होतं. कॉमन रेलवर तीच हातसवय बोट घेऊन जाऊ शकते. केसासारखी धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढं छिद्र, फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल बोटातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात नको.

आणि इंजेक्टर खोलणं? सुई आणि तिच्या घरातली फट दोन ते चार मायक्रॉन, तर आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. अंगणात खोललात तर उडालेली धूळ त्या फटीपेक्षा मोठी. शिवाय बऱ्याच इंजेक्टरवर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो. कारखान्यात मोजलेला त्या नगाचा स्वभावच तो. नवा नग बसवल्यावर तो स्कॅनरने कॉम्प्युटरला सांगावा लागतो. मोबाइलवरच्या वीस मिनिटांत हे कुठेच नव्हतं.

तसंच इंधनाच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारे. डिझेल चुंबकाला भीक घालत नाही. बीएस-६ ट्रकवाल्यांमध्ये तर शेतातला युरिया पाण्यात कालवून डीईएफच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या, टाकीत ओतणारे निघालेत. आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि त्या टाकीत हवा ३२.५ टक्के शुद्ध युरिया, तोही क्षार काढलेल्या पाण्यात. वाचतात काही शे रुपये आणि जातो धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिस्ट.

भावाने बाटल्या लावल्या. पाच जवळपास कोरड्या, तिसऱ्या नंबरची गळ्यापर्यंत. तो इंजेक्टर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे बेंचवर तपासून घेतला, गोळी-बैठकीचा व्हॉल्व्ह संच बदलला आणि गाडी गरम असतानाही चालू व्हायला लागली. बाटल्या आता त्याच्या टूलबॉक्समध्येच असतात. मागच्या आठवड्यात त्याच धाब्यावर दुसऱ्याची गाडी अडली तेव्हा त्याने त्या बाहेर काढल्या. सहाच्या सहा कोरड्या. मग सेपरेटरचा स्क्रू सैल केला, तर चहाचा पेला भरून पाणी निघालं.