विकासात्मक दिव्यांगत्व व सार्वजनिक योजना (सोलापूर जिल्हा)

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आणि यांपैकी एकाहून अधिक अवस्था एकत्र असणे, अशी जन्मापासून किंवा बालपणी सुरू होऊन आयुष्यभर सोबत राहणारी दिव्यांगत्वे ‘विकासात्मक’ म्हणून ओळखली जातात. औषधाने ती बरी होत नाहीत. योग्य वयात मिळालेले उपचार, शिक्षण आणि आधार यांनी परावलंबन मात्र बरेच कमी करता येते. हे काम वर्षानुवर्षे चालते, त्याला शिकलेल्या माणसांचे हात लागतात, आणि त्याचा खर्च मजुरीवर चालणाऱ्या घराला झेपत नाही. सार्वजनिक योजनांची गरज इथून सुरू होते.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी : १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते व स्वमग्नतेचा त्यांत समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ केली, ६ ते १८ वयोगटातील लक्षणीय म्हणजे ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आदींसाठी मिळून एक टक्का राखला. त्याआधीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचा भर पालकत्व व सांभाळ यांवर आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

किती लोकांना याची गरज आहे, हे कागदावरून नीट कळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व असलेले सुमारे १५ लाख. जनगणनेत घरचा माणूस सांगेल तेवढेच लिहिले जाते, आणि लग्नाची मुलगी घरात असेल तर धाकट्या भावाबद्दल सांगताना जीभ अडखळते. देशातील पाच ठिकाणी मुलांना प्रत्यक्ष तपासून केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ते ९ वयोगटात साधारण आठांत एका मुलाला मेंदूच्या वाढीशी निगडित काहीतरी अडचण आढळली. श्रवणदोष व फेफरे यांचाही त्यात समावेश आहे, तरीही दोन आकड्यांतली दरी मोठीच राहते.

सोलापुरात या योजनांचे मोल मोजायचे तर विडी कामगारांच्या घरात जावे लागते. शहराचा पूर्वभाग, कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, अलीकडचे रे नगर या भागांत हजारो स्त्रिया कारखान्यातून पाने-तंबाखू आणून घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. घरात सतत लक्ष ठेवावे लागणारे मूल असेल, तर आईचा हात दर थोड्या वेळाने सुपावरून उठतो आणि संध्याकाळी विड्या कमी भरतात. यंत्रमागावर जाणाऱ्या बापाला पाळी सोडता येत नाही. मग बऱ्याचदा मोठी बहीण शाळा सोडते. मूल दिवसाचे पाच-सहा तास विशेष शाळेत किंवा दिवसकेंद्रात गेले, की त्याला स्वतःच्या हाताने जेवणे, शौचाला सांगणे, पैसे ओळखणे हे तर येतेच. शिवाय आईची मजुरी आणि बहिणीची शाळाही वाचते. सरकारी अहवाल लाभार्थी एकच मोजतात. योजनेचा खर्च जास्त की कमी हे ठरवताना हा हिशेब धरला जात नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

लवकर निदान हा पहिला टप्पा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंग, कमतरता व आजार यांबरोबर वाढीतील विलंबही त्यांनी हेरायचा असतो, आणि अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. मान न धरणारे किंवा हाकेला न वळणारे बाळ पहिल्या दोन-तीन वर्षांत फिजिओथेरपी व वाचा-उपचारांपर्यंत पोचले तर फरक पडतो. ‘मुलगा उशिरा बोलतो, त्याचे वडीलही उशिरा बोलले’ असे म्हणत सहावे वर्ष उजाडले तर तो फरक बराच हुकतो. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. ऊसतोडणीच्या हंगामात टोळीबरोबर आलेली मुले गावच्या अंगणवाडीत नसतात आणि फडावर त्यांची नोंद नसते, त्यामुळे दोन्हीकडच्या तपासणीतून ती निसटू शकतात.

दिव्यांगत्वाचा दाखला हा दुसरा टप्पा, आणि इथे सोलापूरचे बहुभाषिकपण आडवे येते. भारतीय मुलांसाठी दीर्घकाळ वापरली गेलेली बिने-कामत बुद्धिमापन चाचणी मुळात मराठी व कन्नड भाषक मुलांवर बेतलेली होती. सोलापूरला ती दोन्हींकडून जवळची. पण पद्मशाली वस्तीतले मूल घरी तेलुगू बोलते, दुसऱ्या गल्लीतले उर्दू. प्रश्न मराठीत, दुभाषी आई, आणि उत्तर न आल्याचे कारण भाषा की बुद्धी हे तपासणाऱ्याने ठरवायचे. म्हणून भाषेवर न विसंबणाऱ्या, आकृतिफलकासारख्या (ठोकळे त्यांच्या आकाराच्या खाचांत बसवण्याच्या) चाचण्या आणि रोजच्या व्यवहारातील कौशल्य मोजणारी सामाजिक परिपक्वता श्रेणी यांना इथे विशेष महत्त्व आहे. तालुक्याच्या ठिकाणी मानसतज्ज्ञ सहसा नसतो, तेव्हा फेरी सोलापूर शहरातल्या सिव्हिलची, म्हणजे सरकारी रुग्णालयाची. (छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे नाव पाटीवर, रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’च सांगावे लागते.) करमाळा किंवा माळशिरसहून हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. गर्दी-गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन एसटीने तेवढे यायचे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. एकदा दाखला व दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) हाती आले की पुढचे बरेच दरवाजे उघडतात. एसटी व रेल्वेच्या तिकिटातली सवलतही त्यानंतरच.

विशेष शाळा राज्यात प्रामुख्याने स्वयंसेवी संस्था चालवतात. अनुदान शासनाचे व देखरेख जिल्हा पातळीवरील यंत्रणेची. त्यांचा दर्जा सारखा नाही. समग्र शिक्षा अभियानात नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फिरते विशेष शिक्षक आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरपोच शिक्षणाची सोय आहे. पण एका शिक्षकाकडे अनेक शाळा असल्या की ‘घरपोच’ याचा अर्थ महिन्यातल्या मोजक्या भेटी इतकाच उरतो.

रोख मदतीत संजय गांधी निराधार अनुदान योजना मुख्य. गावात तिला ‘पगार’ म्हणतात. २०२३ पासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपये होती. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. तिच्यातून सायकली, खुर्च्या, रोख वाटप असे फोटोला चांगले दिसणारे खर्च सहज होतात. बौद्धिक दिव्यांग मुलाला सायकल नको असते, त्याला शाळेपर्यंत नेणारी गाडी आणि सोबतीचे माणूस हवे असते.

खरा तुटवडा अठराव्या वर्षानंतर सुरू होतो. शाळा संपते, प्रौढांसाठीच्या अनुदानित कार्यशाळा शाळांच्या मानाने थोड्या. राष्ट्रीय न्यास या केंद्रीय संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. तिच्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपी येतात, हे तिचे वेगळेपण. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक पातळी समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते. पुष्कळ घरांत हा अर्ज आई किंवा वडील वारल्यावर, बँकेने खाते अडवल्यावर केला जातो. तोवर भाऊ पुण्याला कामाला गेलेला असतो. त्याने दिव्यांग बहिणीला तिकडे नेले, तरी ‘पगारा’चा हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो.