मागे टाकलेला चेंडू पुढे का जातो?

फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे ऊस हंगाम सरत आलेला. नेमक्या त्याच दिवसांत तिकडे युरोपात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली या सहा देशांची रग्बी स्पर्धा चालते. बेळगावात फुटबॉलवर तासभर बोलणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात, रग्बी बघणारे मात्र मोजकेच. मी त्यातला एक. एका शनिवारी संध्याकाळी इंग्लंड-स्कॉटलंड सामना लावला, सोबत भाचा आणि शेजारचे सुभेदार काका, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. दोघांना एकच नियम सांगून ठेवला होता: हातातला चेंडू सोबत्याकडे द्यायचा तर बाजूला किंवा मागे टाकायचा, पुढे टाकायचा नाही.

दहा मिनिटांत भाचा ओरडला, "मामा, बॉल पुढं गेला की! शिट्टी का नाही वाजवली?" काकांनीही निकाल दिला, पंच एका बाजूचा आहे.

चेंडू पुढे गेला होता हे खरंच. मैदानावर २२ मीटरची रेघ आखलेली असते, तिच्या अलीकडे सुटलेला चेंडू पलीकडे झेलला गेला होता. तरीही पास नियमाला धरूनच होता, आणि पंचाने शिट्टी वाजवली नाही हे बरोबरच केलं.

संकेश्वरकडे जाताना उसाने भरलेली ट्रॉली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. समजा, ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललाय आणि वर बसलेल्या माणसाने उसाचं एक कांडं ताशी १० किलोमीटरने मागे फेकलं. त्याला ते मागेच जाताना दिसणार. पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला? हातातून सुटण्याआधी ते कांडंही ट्रॅक्टरबरोबर २० च्या वेगाने पुढे चाललं होतं. मागे फेकल्याने त्यातले १० वजा झाले, १० उरले. म्हणजे रस्त्याच्या हिशेबाने कांडं पुढेच गेलं, फक्त ट्रॅक्टरपेक्षा सावकाश. दोघांनी पाहिलेलं दोन्ही खरं आहे. वेग कोणाच्या हिशेबाने, हे सांगितल्याशिवाय वेगाला अर्थच नसतो. गॅलिलिओने १६३२ मध्ये संथ चाललेल्या जहाजाचं उदाहरण घेऊन हेच समजावलं होतं, आणि मला अजूनही विज्ञानातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता मैदानावर येऊ. खेळाडू सेकंदाला ८ मीटरने पळतोय. त्याने चेंडू बाजूला सेकंदाला १० मीटरने आणि मागे सेकंदाला २ मीटरने टाकला, हे दोन्ही वेग त्याच्या स्वतःच्या हिशेबाने. सोबती बाजूला १० मीटरवर आहे, म्हणजे चेंडूला पोचायला एक सेकंद. हवेचा अडथळा सोडून देऊ. तेवढ्या वेळात चेंडू जमिनीवरून ८ वजा २, म्हणजे ६ मीटर पुढे सरकला. टाकणारा ८ मीटर पुढे पोचला. चेंडू त्याच्या २ मीटर मागेच राहिला! जमिनीच्या हिशेबानेही मागे जायला हवा असेल, तर सेकंदाला ८ मीटरपेक्षा जास्त जोर लावून मागे फेकावा लागेल, आणि पळता पळता असं खेळणं जवळजवळ अशक्य आहे.

आणखी एक गंमत आहे. चेंडू सुटताक्षणी टाकणाऱ्याला कोणी आडवं केलं, तर तो जागीच पडतो आणि चेंडू त्याच्या ६ मीटर पुढे दिसतो. पास तोच, वेग तेच, पण आपला डोळा चेंडूची तुलना पडलेल्या माणसाशी करतो. भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. म्हणूनच नियमात चेंडू कुठे पडला याला महत्त्व नाही. टाकणाऱ्याचे हात प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेघेकडे गेले का, एवढंच पंच पाहतो.

काकांनी मग बिनतोड प्रश्न विचारला: "जमीन तरी कुठं स्थिर आहे?" नाहीच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे बेळगाव सेकंदाला सुमारे ४४७ मीटरने पूर्वेकडे चाललंय, स्कॉटलंडचं मरेफील्ड मैदान उत्तरेला असल्यामुळे सुमारे २६० मीटरने. हा वेग खेळाडू, चेंडू, गवत सगळ्यांना सारखाच, म्हणून तो हिशेबातून गळतो. अगदी पूर्ण गळत नाही, कारण फिरणं म्हणजे सरळ रेषेतली चाल नव्हे. त्यातून कोरिऑलिस परिणाम उरतो, म्हणजे फिरत्या पृथ्वीवर चालत्या वस्तूची वाट किंचित वळते. मरेफील्डवर एका सेकंदाच्या पासमध्ये त्याने चेंडू उजवीकडे सरकतो तो मिलिमीटरपेक्षाही कमी.

अमुक वळणावर अमावस्येला ट्रॉली उलटते, अशी बोलणी आपल्याकडे अजून ऐकू येतात आणि ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधली जाते. ट्रॉली वळते, पण वर रचलेला ऊस सरळच जाऊ पाहतो, आणि भार जितका उंच तितका तोल लवकर जातो. आधीची चाल सहज सुटत नाही, हा चेंडूचाच नियम आहे, तिथीशी त्याचं काही नातं नाही. वेग कमी करा, भार कमी उंच रचा. चालत्या बसमधून उतरणारा मागे तोंड करून उतरला की आपटतो, तेही यामुळेच.

या सामन्याच्या चषकाचं नाव कलकत्ता चषक. तिथला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून तो घडवला, मुठींना नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी झुंजतात. काकांना हे फार आवडलं, पासचं गणित मात्र पटलं नाही.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलो. फक्कीची एक रेघ ओढली. भाचा फुटबॉल हातात घेऊन जोरात पळत आला आणि रेघेवर येताच चेंडू खांद्यावरून मागे टाकला. काकांनी तो पडलेली जागा बुटाने दाबून धरली आणि तिथून रेघेपर्यंत स्वतः पावलं मोजली. रेघेच्या पुढे, तीन.