डोपामीन स्ट्रिप मागवण्याआधी एवढं वाचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी या स्ट्रिप तयार होतात. द्रावणात डोपामीन, म्हणजे मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन, किती आहे ते त्या मोजतात. पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची, लग्नपत्रिकांना वापरतात तीच. शाई मात्र कार्बनची आणि चांदीची. सोनं नाही, प्लॅटिनम नाही, एन्झाइमही नाही, म्हणून स्वस्त पडते.

आधी एक खुलासा. ‘रक्ताचा थेंब टाकला की डिप्रेशन कळेल का?’ अशी विचारणा आम्हाला होते. नाही कळणार. डोपामीन मेंदूतून रक्तात किंवा रक्तातून मेंदूत सहजासहजी जात नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून डोक्यात काय चाललंय ते ठरवता येत नाही. तपासणीसाठी म्हणून कुणी मागितली तर आम्ही स्ट्रिप देत नाही.

स्ट्रिपवर तीन इलेक्ट्रोड असतात. मधल्या कार्बनच्या ठिपक्याला व्होल्टेज हळूहळू वाढवत दिलं, की साधारण ०.२ व्होल्टच्या आसपास डोपामीनचा एकेक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. तेवढा करंट पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देणारं आणि करंट मोजणारं यंत्र) मोजतो. डोपामीन जास्त, तर करंट जास्त.

खरी डोकेदुखी पुढे आहे. व्हिटॅमिन सी आणि युरिक अ‍ॅसिडही जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतात, आणि मेंदूतल्या द्रवात व्हिटॅमिन सी डोपामीनच्या हजारो पट असतं. साध्या कार्बनवर सगळ्यांचा मिळून आलेखात एकच पसरट उंचवटा दिसतो. म्हणून आमच्या दुसऱ्या प्रकारच्या स्ट्रिपवर नॅफिऑन या पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. पीएच ७.४ ला डोपामीनवर धन भार असतो, व्हिटॅमिन सीवर ऋण. नॅफिऑन स्वतः ऋण भाराचं, त्यामुळे ते व्हिटॅमिन सीला बरंचसं बाहेर ठेवतं. पूर्ण नाही, बरंचसं. एम.एस्सी.च्या मुलांना दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वापरायला द्या. फरक आलेखातच दिसेल.

अमेरिकेत राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९७० च्या दशकात उंदरांच्या मेंदूत कार्बनचे इलेक्ट्रोड बसवून या विषयाची वाट पाडली. आज त्या कामाला साधारण ७ मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा धागा वापरतात. आमचा ठिपका काही मिलिमीटरचा, तो बीकरपुरताच.

डोपामीनचं सोल्यूशन बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) करून ठेवू नका. हवेने डोपामीन तपकिरी पडतं आणि मग रीडिंग कमी आलं की दोष स्ट्रिपला लागतो! १९ मिलिग्रॅम डोपामीन हायड्रोक्लोराइड ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून १० मिलिलिटर करा, म्हणजे १० मिलिमोलर झालं. ते अंधारात, फ्रिजमध्ये ठेवा. प्रयोगाच्या वेळी त्यातलं ०.१ मिलिलिटर घेऊन बफरने १० मिलिलिटर करा: १०० मायक्रोमोलर. बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड दर वेळी सारखंच घाला, नाहीतर चांदीचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) सरकतो आणि उंचवटा जागा बदलतो.

एकाच स्ट्रिपवर फार वेळा स्कॅन घेतले की कार्बनवर काळपट थर बसतो आणि करंट उतरतो. महत्त्वाच्या रीडिंगला नवी स्ट्रिप घ्या.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूर भागात, पाकीट उघडं ठेवू नका. आतली सिलिका जेलची पुडी तशीच राहू द्या. हे पत्रक कन्नडमध्येही मिळेल. ऑर्डर देताना तुमच्या पोटेन्शिओस्टॅटच्या कनेक्टरचा फोटो पाठवा, बऱ्याचदा नड तिथेच येते.