स्वतःची कवितापुस्तिका काढताय? आधी दुसरं पान लिहा

बत्तीस पानं, शंभर प्रती, मधोमध दोन पिना. कवितांची छोटी पुस्तिका छापून घ्यायला दोन दिवस पुरतात. तिच्या आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाची जगभर ओळख पटवणाऱ्या क्रमांकाचा, अर्ज मात्र दोन-दोनदा परत येतो. मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं जुळवण्याचं, काम करते, त्यामुळे परत आलेले अर्ज घेऊन माणसं माझ्याच टेबलाशी येतात. खोट कवितेत नसते. ती असते आतल्या दुसऱ्या पानावर, जिथे लेखक, प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि किंमत छापतात. हे पान प्रेसमध्ये शेवटच्या दिवशी कुणीतरी घाईघाईत भरून टाकतं. तसं होऊ देऊ नका. कामाची सुरुवातच तिथून करा.

हे तुमचं पहिलं पुस्तक आहे का?

असेल तर जरा थांबा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देतं. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाच्या काव्यसंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे. हौसेनं काढलेली पुस्तिका पहिलं पुस्तक म्हणून मोजली गेली, की पुढे मोठा संग्रह घेऊन गेल्यावर ती संधी हातची जाते. मनात अनुदान असेल तर त्या वर्षीची जाहिरात अक्षरन् अक्षर वाचा आणि मगच छापायला द्या.

आयएसबीएन: कुणाला, कशावर

आयएसबीएन सक्तीचा नाही. शंभर प्रती मित्रमंडळींत वाटायच्या असतील तर त्याच्या मागे लागूच नका. दुकानांत, ग्रंथालयांत, ऑनलाइन विकायची असेल तर घ्या. तो शिक्षण मंत्रालयाअंतर्गत असलेली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि शुल्क शून्य आहे. 'नंबर काढून देतो' म्हणून कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर ते पैसे तुमच्या कागदाला लावा.

पानं कमी आहेत म्हणून नंबर मिळणार नाही, ही भीती अनेकांना असते. तिचं मूळ युनेस्कोच्या १९६४ सालच्या व्याख्येत आहे: ४९ पानांपासून पुढे पुस्तक, ५ ते ४८ पानं म्हणजे पुस्तिका. पण ती व्याख्या आकडेवारीसाठी केलेली. आयएसबीएनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पुस्तिकाही बसते. बसत नाहीत ती नियतकालिकं. म्हणून मुखपृष्ठावर हौसेनं 'अंक पहिला' असं छापू नका. एवढ्यानं तुमची पुस्तिका नियतकालिक वाटू लागते, आणि त्यांच्यासाठी आयएसएसएन हा वेगळा क्रमांक असतो.

कागदपत्रं थोडीच: फोटो असलेलं ओळखपत्र, मुखपृष्ठ, आतलं शीर्षकाचं आणि तपशिलाचं पान. अडतं ते या कागदांवरच्या नावांत.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका आल्या. चाळीस वर्षं त्यांच्या कविता माहेरच्या नावानं छापून आल्या, तेव्हा मुखपृष्ठावर तेच नाव. आधारवर सासरचं. आणि खाली प्रकाशक म्हणून नातीच्या नावाचं 'प्रकाशन', जे कुठेच नोंदवलेलं नाही. तीन कागदांवर तीन वेगळी माणसं! दोनदा अर्ज परत आल्यावर म्हणाल्या, "राहू दे गं, नंबराशिवायच काढू." मला फार वाईट वाटलं. नावाचा हा ताप पुरुषांना सहसा होत नाही.

आम्ही केलं ते एवढंच. अर्जदार म्हणून आधारवरचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या पानावर 'कवयित्री' या शब्दापुढे माहेरचं नाव ठेवलं आणि 'प्रकाशक' या शब्दापुढे पुन्हा आधारवरचंच नाव, पत्त्यासकट. नातीचं नाव अर्पणपत्रिकेत गेलं. तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला.

स्वतःच पुस्तिका काढताय तर प्रकाशक तुम्हीच. संस्थेच्या नावाचा मोह असेल तर आधी ती संस्था कागदोपत्री उभी करा. टोपणनावानं लिहिणाऱ्यांनीही अर्जदार आणि प्रकाशक म्हणून ओळखपत्रावरचंच नाव घालावं. शीर्षक रोमन लिपीत भरताना त्याचं भाषांतर करू नका, मराठी शीर्षक जसंच्या तसं उतरवा. अर्ज छपाईच्या आधीच करा, कारण नंबर मलपृष्ठावर आणि दुसऱ्या पानावर छापायचा असतो. ई-पुस्तक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर घ्यावा लागतो.

नंबर मिळाला म्हणजे कॉपीराइट झाला, असंही नाही. कविता लिहिली त्या क्षणी ती तुमची असते. १९५७ च्या कायद्यानं कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी तिचं शुल्क ५०० रुपये. मुखपृष्ठावरचं चित्र नेटवरून उचललेलं असेल तर मात्र ते तुमचं नाही. चित्रकाराकडून चार ओळींची परवानगी लिहून घ्या.

छपाईबद्दल दोनच गोष्टी. पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत. आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर 'तऱ्हा', 'सुऱ्या', 'कोऱ्या' असे शब्द शोधून तपासा, तिथला ऱ्य आणि ऱ्ह हमखास मोडतो. प्रूफ पडद्यावर नको, कागदावर वाचा.

तीस दिवस कधीपासून?

ही मुदत जवळजवळ सगळे चुकीची मोजतात. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. या कायद्याच्या 'पुस्तक' या व्याख्येत पुस्तिकाही येते. लोक दिवस मोजतात ते प्रकाशन समारंभापासून. पुस्तिका मे महिन्यात विकायला काढली आणि समारंभ दिवाळीत केला, तर मुदत केव्हाच उलटलेली असते.

दुसऱ्या पानावर खरी तारीख छापा. राज्य पुरस्कारासाठीही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं वर्ष धरतात, त्यामुळे डिसेंबरात छापून 'जानेवारी' टाकलं की पुस्तक वेगळ्याच वर्षात जातं.

हाती बनवलेल्या कागदावर दहा खास प्रती आणि साध्या कागदावर नव्वद, असं काढलंत तर कोलकात्याला खास प्रत द्यावी लागते. कायद्यात सर्वांत चांगल्या कागदाचीच अट आहे. प्रती न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. सत्तर वर्षांपूर्वीचा हा आकडा तसाच राहिलाय आणि कायदा फारसा कुणी सांगतही नाही. तरी पाठवा. तुमच्या कविता शंभर वर्षांनी कुणाला सापडल्याच तर अशाच एखाद्या कपाटात सापडतील.

'१८६७ च्या कायद्याखाली पुस्तकाची नोंदणी करा' असा सल्ला अजून मिळतो. तो आता विसरा. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे.

पाठवायला टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट स्वस्त पडतं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. पण त्यालाही अट आहे, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. शिवाय आत जाहिराती नकोत, म्हणजे गावातल्या सराफाची पानभर जाहिरात घेऊन छपाईचा खर्च काढला असेल तर ही सोय गेली. ग्रंथालयानं प्रतीची लेखी पोच देणं कायद्यातच आहे. ती आली की आयएसबीएनच्या पत्राबरोबर एकाच फाइलीत लावून ठेवा.