वनरक्षक भरती: पात्रता, कागदपत्रे, धाव आणि चाल

वनरक्षक पदाला बारावी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती कोणत्या विषयांची, इथे घोटाळा होतो. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय बारावीच्या गुणपत्रिकेत असावा लागतो. वाणिज्यवाल्यांचे अर्थशास्त्रावर भागते. कला शाखेत नुसत्या भाषा, इतिहास आणि राज्यशास्त्र घेतले असेल, तर परीक्षा उत्तम जाऊनही कागदपत्र तपासणीत नाव कटते. म्हणून शुल्क भरण्याआधी गुणपत्रिका काढून बघा. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी पुरते.

खालचे आकडे महाराष्ट्र वन विभागाच्या २०२३च्या भरतीचे आहेत. पुढच्या जाहिरातीत काही बदलले, तर अर्थातच जाहिरात प्रमाण.

वय १८ ते २७, मागासवर्गीयांना ३२ पर्यंत. उंची पुरुषांना १६३ सेंमी, महिलांना १५० सेंमी. अनुसूचित जमातीसाठी अनुक्रमे १५२.५ आणि १४५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ८४ सेंमी. अनेकांची छाती ७९ भरते, पण फुगवल्यावर ८२-८३ वर थांबते. फुगवटा पाच सेंमीचा हवाच. दोन-तीन महिने रोज श्वासाचा सराव केला तर फरक पडतो, आदल्या आठवड्यात जागे होऊन नाही. उंची सकाळी थोडी जास्त भरते आणि दिवसभर उभे राहून कमी होते. अगदी काठावर असाल तर मोजमापाच्या दिवशी तासन्‌तास रांगेत उभे राहू नका, बसून घ्या. डोळ्यांची तपासणी, विशेषतः रंग ओळखण्याची, अर्ज करण्याआधीच करून घ्या. रंगांधळेपणा असल्याचे अनेकांना तोवर कळलेलेच नसते.

कागदपत्रांत जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, आरक्षण घेत असाल तर जातीचे प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर, शिवाय लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र. दोनपेक्षा जास्त हयात अपत्ये असतील आणि त्यांतले एखादे २८ मार्च २००६ नंतर जन्मलेले असेल, तर त्या अपत्यामुळे उमेदवार अपात्र ठरतो. नॉन-क्रीमीलेअर कोणत्या आर्थिक वर्षाचे चालेल, ते जाहिरातीत लिहिलेले असते. मुदत संपलेले जोडून ‘नवे काढायला टाकलंय’ म्हटले तर ऐकून घेतले जात नाही. खेळाडू आरक्षणाला नुसते स्पर्धेचे प्रमाणपत्र पुरत नाही, क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांचा पडताळणी अहवाल लागतो, आणि तो अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचा असावा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. गुणपत्रिकेत एक नाव आणि आधारवर दुसरे, या एका कारणाने बरीच अडवणूक होते.

गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांतल्या अनुसूचित (आदिवासी म्हणून घोषित) क्षेत्रातली वनरक्षक पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी आहेत. ‘स्थानिक’ म्हणजे उमेदवार स्वतः, जोडीदार, आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सातत्याने राहिलेले असणे. हा दाखला आठ दिवसांत मिळेल असे धरून चालू नका. जुने महसुली उतारे शोधण्यातच वेळ जातो.

अर्ज ऑनलाइन. खुल्या प्रवर्गाला १००० रुपये शुल्क, मागासवर्गीयांना ९००, माजी सैनिकांना काही नाही. राज्यात ११ वनवृत्ते, म्हणजे वन विभागाचे प्रादेशिक भाग, आहेत आणि अर्ज एकाच वनवृत्तात करायचा. जागा किती, हे बघून वृत्त निवडण्यापेक्षा तुमच्या प्रवर्गाच्या तिथे किती जागा आहेत, ते बघा. एकूण जागा भरपूर आणि तुमच्या रकान्यात शून्य, असे सर्रास असते.

लेखी परीक्षा १२० गुणांची: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, प्रत्येकी ३०. किमान ४५ टक्के, म्हणजे ५४ गुण मिळाले तरच पुढची दारे उघडतात. मग कागदपत्रे, मोजमाप आणि ८० गुणांची धाव. पुरुषांना ५ किमी, महिलांना ३ किमी. पूर्ण ८० गुणांसाठी पुरुषांना १७ मिनिटे, महिलांना १२. त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. चारशे मीटरच्या मैदानात हिशेब सोपा आहे: पुरुषांच्या साडेबारा फेऱ्या, प्रत्येक फेरी साधारण ८१ सेकंदांत, महिलांच्या साडेसात फेऱ्या, प्रत्येकी ९६ सेकंदांत. पहिली फेरी ७० सेकंदांत मारणारे सातव्या-आठव्या फेरीला ढेपाळतात. सराव करताना घड्याळ प्रत्येक फेरीला बघा, शेवटी एकदाच नाही.

निवड यादीत नाव आल्यावर चालण्याची चाचणी. पुरुषांना २५ किमी, महिलांना १६ किमी, वेळ चार तास. याला गुण नाहीत, पण पार केली नाही तर निवड जाते. पुरुषांना ताशी सव्वासहा किमी पडतात, म्हणजे अधूनमधून पळावे लागते. नवे बूट घालून जाऊ नका. दहाव्या किमीला पायाला फोड आले की पुढचे पंधरा कठीण.

ही चाचणी उगीच ठेवलेली नाही. नियुक्तीनंतर प्रशिक्षण घेऊन वनरक्षकाला एक बीट, म्हणजे राखायला नेमून दिलेला जंगलाचा भाग, मिळते, आणि गस्त पायीच असते. वेतनश्रेणी २१७०० ते ६९१०० रुपये, बढती वनपाल पदावर. कार्य आयोजनेत (जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात) ज्या कुपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्याची, तोड असते तिथे झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर मोजायचा, हातोड्याची छाप मारायची, तोडीनंतर खुंट आणि ओंडका यांचे क्रमांक जुळवायचे. मग वाहतूक पासावर माल बल्लारशा किंवा परतवाड्यासारख्या डेपोत जातो आणि लिलावाला लागतो. ओंडक्याचे घनफळ पाव-घेर पद्धतीने काढतात: घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. ८० सेंमी घेराचा ३ मीटर ओंडका ०.१२ घनमीटर भरतो. घेर मोजताना पट्टी तिरकी गेली आणि ८० चे ८४ लिहिले गेले, तर तोच ओंडका ०.१३२ होतो, आणि नोंदवही व डेपोतली मोजणी जुळत नाही. त्या फरकाचा खुलासा वनरक्षकालाच द्यावा लागतो.