साखरेपलीकडचा हिशेब: मधुमेहाची औषधे, हृदय आणि किडनी

मधुमेहाच्या पेशंटला शेवटी गाठतात ते बहुतेक वेळा हृदयविकार आणि किडनीचे आजार. तरीही औषधाची परीक्षा कित्येक वर्षे एकाच गोष्टीवर होत आली: साखर किती उतरली?

याला पहिला धक्का १९७० मध्ये अमेरिकेत बसला. एका अभ्यासात टोलब्युटामाइड ही साखरेची गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले, पण त्या अभ्यासावरच इतके वाद पेटले की मूळ प्रश्न बाजूला पडला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल पेशंटचे हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्या गटात जेमतेम ३४२ जण होते.

खरी कलाटणी दिली रोसिग्लिटाझोन या गोळीने. साखर छान उतरायची, खपही प्रचंड होता. २००७ मध्ये स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की या संशोधकांनी ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा हार्ट अटॅकचा धोका ४३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अमेरिकेने त्यावर निर्बंध घातले आणि पुढे ते सैल केले, पण भारतात २०१० मध्ये या औषधावर बंदी आली. त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नियम कडक केला होता: मधुमेहाचे नवे औषध हृदयाला घातक नाही हे कंपनीने दाखवून द्यावे.

अपेक्षा फक्त ‘अपाय नाही’ एवढीच होती. ग्लिप्टिन या नव्या गटातल्या गोळ्यांनी तेवढेच दाखवले. त्यातल्या सॅक्साग्लिप्टिनने तर हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण वाढवले. मग सप्टेंबर २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत ‘फ्लोझिन’ गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचे निकाल आले. हृदयविकार असलेल्या ७,०२० पेशंटमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले होते. साखरेतला फरक मात्र माफक होता, म्हणजे फायदा साखरेच्या वाटेने आलेला नव्हता.

ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि तसे करताना किडनीच्या गाळण्यांवरचा दाब उतरवते. म्हणूनच सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वाढू शकते. तो आकडा पाहून घाबरून पेशंट स्वतःच गोळी थांबवतात तेव्हा फार वाईट वाटते, कारण दीर्घकाळात हीच गोळी किडनीची झीज मंदावते. २०१९ मध्ये याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या ‘क्रेडेन्स’ चाचणीत किडनी निकामी होण्यासारख्या मुख्य घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. पुढे डापाग्लिफ्लोझिनचा उपयोग मधुमेह नसलेल्या किडनीच्या पेशंटलाही झाला.

दरम्यान २०१६ मध्ये लिराग्लुटाइड या इंजेक्शनने हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. २०२४ मध्ये ‘फ्लो’ चाचणीत त्याच गटातल्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने किडनीही सांभाळली.

मग यातले सरस कोणते? या मोठ्या चाचण्यांत बहुतेक औषधांची तुलना प्लॅसिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसशी झाली, एकमेकांशी नाही. त्यामुळे उत्तर अप्रत्यक्षच मिळते. हार्ट फेल्युअर किंवा किडनीची तक्रार असेल तर पारडे फ्लोझिन गटाकडे झुकते; रक्तवाहिन्यांतले अडथळे, पक्षाघाताचा धोका आणि वजन हे मुख्य प्रश्न असतील तर लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांकडे. काहींना दोन्ही लागतात.

आपल्याकडे मोठी अडचण किमतीची होती. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे आणि मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि सुमारे ६० रुपयांची गोळी दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली.